ठेवणीतले बूट

टपालबाईच्या घरात चांगल्या वस्तूंना वापरात यायची घाई करू दिली जात नसे. चांगले कप पाहुण्यांसाठी होते, आणि पाहुणे आले की "घरचेच तर आहेत" म्हणून त्यांना रोजच्याच कानतुटक्या कपांतून चहा मिळे. जाड, मऊ टॉवेल कपाटात घडी मोडल्याशिवाय पडून, आणि अंग पुसायला मात्र आरपार दिसेल इतका विरलेला. नवी चादर तर आजारपणात डॉक्टर घरी आले तर असावी म्हणून राखून ठेवलेली. बाई दोनदा आजारी पडली, डॉक्टर दोनदा आले, पण कपाटाची किल्ली कुठे असते हे बाईशिवाय कोणालाच ठाऊक नव्हते आणि बाईला तापात आठवेना. तिला कोणी कंजूष म्हटले तर ती उसळून उठे. कंजूष माणूस वस्तू घेतच नाही, ती घेत होती. घेऊन नीट ठेवत होती, एवढेच.

या सगळ्या ठेवणीत सर्वांत मानाची जागा बुटांची. कपाटाचा वरचा कप्पा, त्यात खोका, खोक्यात प्लास्टिकची पिशवी, पिशवीला दोन गाठी, आणि आत तपकिरी चामड्याचे, घोट्याच्या वर येणारे, नाडीचे बूट.

ते तिच्या नवऱ्याने आणले होते. त्याची सारी नोकरी बुटांच्या एका मोठ्या दुकानात गेली. गिऱ्हाइकाच्या पायाला माप लावायचे, अंगठा कुठवर येतो ते दाबून बघायचे, टाच मागे सुटते का ते पाहायचे, हेच त्याचे काम. माणसांचे चेहरे तो विसरत असे, पाय कधी विसरला नाही. आणि अशा माणसाची बायको रोज टेकडीवर टपाल वाटत फिरायची ती बसथांब्याजवळच्या हातगाडीवरच्या बुटांत. ते बूट दुरून चामड्याचे वाटत. जवळून, आणि विशेषतः पावसात, ते कशाचे आहेत हे लपत नसे. सहा महिन्यांत तळ पुढून सुटायचा, मग ती गाडीवाल्याला शिव्या देत त्याच्याकडूनच दुसरा जोड आणायची. नवऱ्याला हे फार लागायचे.

एकदा दुकानात एक जोड आला, त्यातल्या डाव्या बुटाला घोट्याजवळ कारखान्यातच ओरखडा पडलेला. म्हणून तो मागे काढून ठेवला होता. बाकी बूट अव्वल होता. तळ नुसता चिकटवलेला नव्हता, दोऱ्याने शिवलेला होता, आणि चामडे जाड असूनही हाताला मऊ लागत होते. नवऱ्याने मालकाच्या मागे लागून तो पडत्या भावात पदरात पाडून घेतला, आणि तेवढ्यासाठीसुद्धा वर्षभर दुपारचा चहा सोडला. घरी येऊन त्याने ते बायकोसमोर ठेवले तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

बाईने बूट घातले, खोलीत दोन फेऱ्या मारल्या. "लोण्यासारखे आहेत हो," ती म्हणाली, डोळे पुसले आणि बूट काढून प्लास्टिकच्या पिशवीत बांधायला घेतले.

"अगं, बांधतेस काय? उद्यापासून घाल."

"एवढे चांगले बूट? त्या चिखलात? एखाद्या चांगल्या दिवशी घालीन."

चांगला दिवस काही येईना. भाचीचे लग्न झाले, पण तिथे गर्दी फार, कोणी पाय दिला तर? खात्याने बाईचा सत्कार केला, पण तिथे नुसते खुर्चीवर बसायचे, त्याला बूट कशाला हवेत? नवरा निवृत्त झाला, तो दिवस आनंदाचा की दुःखाचा हेच तिला ठरवता आले नाही. वर्षे गेली. नवऱ्याने आधी सांगून पाहिले, मग चिडून पाहिले, मग विषय सोडून दिला. सोडला म्हणजे तोंडातून सोडला, मनात तो होताच.

टेकडी मात्र रोज चढायची होती. गावाच्या मागे ती उभी होती. अरुंद गल्ल्या, दगडी पायऱ्या, मध्यावर पाण्याची टाकी, आणि अगदी वर एका म्हाताऱ्या घड्याळवाल्याचे घर. त्याच्या कुंपणालाच वरची टपालपेटी. बाई सकाळी टपाल वाटत वर जायची आणि त्या पेटीतली पत्रे घेऊन खाली यायची. ती पत्रे दुपारच्या टपालगाडीत गेली पाहिजेत, असा नियम. टेकडीवर तिची वाट पाहणारी माणसे होती. कोणाचे पेन्शन, कोणाच्या परदेशातल्या मुलीचे पत्र, कोणाचे काहीच नसले तरी "आज काही नाही ना?" असे विचारायला ते फाटकाशी येत. आपली कोणीतरी रोज वाट बघते याचे बाईला इतके सुख होते की ती सुट्टीच्या दिवशी उगीचच चिडचिड करायची.

पण त्या वर्षी टाच धरली. सकाळी पहिले पाऊल टाकताना कोणी खिळा ठोकल्यासारखे होई. टाकीपर्यंत ती कशीबशी चढे, पुढे मात्र दर दहा पायऱ्यांना कठड्याला टेकायची. उतरताना तर आणखी हाल. दुपारची गाडी तिच्यावाचून सुटू लागली.

शेवटी टपाल कचेरीतल्या नव्या साहेबांनी बोलावले. साहेब माणूस वाईट नव्हता, उलट बोलायच्या आधी त्याने बाईला खुर्ची दिली. तेव्हाच ती काय ते समजली, कारण साहेब लोक खुर्ची देतात ते चांगली बातमी सांगायला नाही.

"बाई, तुमच्याबद्दल कोणाची तक्रार नाही," तो म्हणाला. "तक्रार गाडीबद्दल आहे. टेकडीचं टपाल निम्म्या वेळा दुसऱ्या दिवशी जातंय."

"टाच दुखते साहेब. होईल बरी."

"कधीपासून दुखतेय?"

बाईने पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"असं करू. महिनाअखेरीला मी स्वतः फाटकात उभा राहतो. गाडी सुटायच्या आत टेकडीचं टपाल घेऊन आलात, तर फेरी तुमची. मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर खाली छाननीला बसा. खुर्ची आहे, पंखा आहे, पायाला आराम."

छाननीची खोली तळघरात होती. तिला खिडकी नव्हती. तिथे पत्रे हजारोंनी हातात येत, पण ती घेणाऱ्या एकाचेही तोंड दिसत नसे. "तिथं बसायचं म्हणजे जिवंतपणी कपाटात जाऊन पडायचं," बाई घरी आल्यावर नवऱ्याला म्हणाली. आपण काय बोलून गेलो हे तिच्या ध्यानात आले नाही. नवऱ्याच्या मात्र आले.

"पाय दाखव," तो म्हणाला.

त्याने तिचा पाय हातात घेतला, टाच दाबली, तळवा दाबला, मग तिचा हातगाडीवरचा बूट उचलून मधोमध वाकवला. बूट कागदासारखा दुमडला.

"याला आत आधार काही नाही. तू दगडावर अनवाणी चालतेस, वरून रंग लावून. ते बूट काढ."

"कोणते?"

"कोणते म्हणून विचारतेस?"

"अहो, ते कामावर कसे घालू? खराब होतील."

"मी ते तुझ्या पायांसाठी आणले होते," नवरा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "कपाटाला पाय नाहीत."

बाईने किल्ली शोधली, स्टुलावर चढून खोका काढला, दोन्ही गाठी सोडल्या आणि पिशवी उघडताच मागे सरली. कुबट वास आला. बुटांवर हिरवट पांढरी बुरशी चढली होती. चामडे लाकडासारखे ताठ झाले होते आणि रबरी तळाला इतक्या भेगा पडल्या होत्या की बोट लावताच त्याचा चुरा खाली पडला. एक दिवससुद्धा न चाललेले बूट म्हातारे होऊन बसले होते.

नवरा ओरडला असता तर तिला बरे वाटले असते. तो नुसता खुर्चीत बसला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. वर्षभराचा चहा, मालकाची मनधरणी, सगळे त्या चुऱ्यात दिसत असणार. बाई जमिनीवर बसून ढसाढसा रडली. "माझ्या हातानं वाटोळं केलं हो मी," एवढेच तिला पुन्हापुन्हा म्हणता येत होते.

बऱ्याच वेळाने नवरा उठला. त्याने एक बूट उजेडात धरला, बुरशी फडक्याने बाजूला सारली आणि अंगठ्याने चामडे हळूच दाबून पाहिले. मग दुसऱ्या जागी. मग वाकून वास घेतला.

"रडू नकोस," तो म्हणाला. "चामडं गेलेलं नाही. उपाशी आहे."

दुसऱ्या दिवसापासून घराचा दवाखाना झाला. नवऱ्याने गच्चीत, तोंडाला फडके बांधून, मऊ ब्रशने बुरशी झाडली. पाण्यात थोडे व्हिनेगर घालून कापडाने बूट पुसले, आत जुनी वर्तमानपत्रे कोंबली आणि वाऱ्यावर पण सावलीत ठेवले. शेजारीण म्हणाली, उन्हात टाका, लवकर वाळतील. नवरा म्हणाला, उन्हात टाकले तर तडकतील. शेजारीण म्हणाली, मग तेल ओता भरपूर. नवरा म्हणाला, उपाशी माणसाला पहिल्याच दिवशी पंगतीला बसवतात का? तो चामड्याचे मलम बोटाच्या टोकावर घेई, अगदी चिमूटभर, आणि ओरखड्यापासून टाचेपर्यंत गोल गोल जिरवत राही. एक दिवस थांबे, मग पुन्हा चिमूटभर. निवृत्तीनंतर त्याची पाठ वाकली होती. त्या आठवड्यात ती सरळ झालेली बाईने पाहिली.

चामडे वळू लागल्यावर दोघे बूट घेऊन कोपऱ्यावरच्या बूट दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. त्याने तळ उलटा करून शिवण पाहिली.

"शिवलेला आहे म्हणून वाचला. जुना उसवतो, नवा शिवतो. वरचा भाग अजून दोन तळ खाईल."

"किती?" बाईने विचारले, आणि आकडा ऐकून तिने तोंडाला पदर लावला. महाग होता म्हणून नव्हे. हातगाडीवरच्या एका जोडाच्या किमतीपेक्षा तो थोडासाच जास्त होता. इतक्या वर्षांत तिने त्या गाडीवाल्याचे घर बांधून दिले होते, स्वस्तात.

नवे तळ लागले आणि बूट पुन्हा उभे राहिले. आता त्यांना पायाची ओळख करून द्यायची होती. नवऱ्याचा हुकूम होता, रोज संध्याकाळी घरात घालून फिर, जाड मोजे घालून. त्यामुळे टपालबाई बूट घालून भाजी चिरू लागली, बूट घालून कपडे वाळत घालू लागली. तिसऱ्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले आणि त्यांनी अदबीने विचारले की वर घोडा बांधला आहे का. नवऱ्याने तितक्याच अदबीने सांगितले की घोडी आहे, आणि महिनाअखेरीला तिची शर्यत आहे. यावर बाईने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर बघून खालचे गृहस्थ आल्या पावली परतले.

टाच मागे घासू लागली तेव्हा नवऱ्याने घोट्यापाशी नाडीला एक पीळ जास्त द्यायला शिकवले. टाच जागेवर बसली. हळूहळू चामड्याला पायाचा आकार आला, आणि एके संध्याकाळी बाईच्या लक्षात आले की तासभर झाला, आपल्याला बूट आठवलेसुद्धा नाहीत.

"आता उद्यापासून कामावर घाल," नवरा म्हणाला.

"त्या दिवशी घालीन," बाई म्हणाली. "साहेब फाटकात असेल त्या दिवशी. तोच चांगला दिवस."

नवऱ्याने कपाळावर हात मारला, पण निदान एक दिवस ठरला होता. तेवढ्यावर त्याने समाधान मानले.

तो दिवस उजाडला तो रात्रभराच्या पावसानंतर. नवऱ्याने बुटांना मेण लावून ठेवले होते. बाईने ते त्याच्यासमोर घातले, नाडीला पीळ दिला, आणि तो खिडकीतून बघत राहिला तोवर ताठ मानेने चालत गेली. कचेरीतून टपाल घेऊन ती टेकडीच्या पायथ्याशी आली, तर समोरची वाट म्हणजे नुसता लाल राडा. बाईने पायांकडे पाहिले. मेणाने चकाकणारे चामडे, नवा कोरा तळ.

तिचा जीव धजला नाही. ती एका गोदामाच्या आडोशाला गेली, पिशवीतून हातगाडीवरचे जुने बूट काढले (ते तिने घरून लपवून आणले होते, म्हणजे मनातून तिला ठाऊकच होते), चामड्याचे बूट प्लास्टिकमध्ये गुंडाळून टपालाखाली ठेवले, आणि मनाशी हिशोब केला की वर चढून, खाली उतरून, फाटकाच्या अलीकडे बदलू. साहेबासमोर स्वच्छ बूट घालून जाऊ. ज्या चालण्यासाठी बूट जिवंत केले, ते चालणे सोडून बाकी सगळ्याला ती ते घालणार होती.

टेकडीने तिला लगेच हिशोब दाखवला. चिखलात तो सपाट तळ निसटू लागला. तिसऱ्या गल्लीत टाचेच्या दुखण्याने डोके वर काढले. टाकीच्या खालच्या पायऱ्यांवर उजवा बूट पुढून सुटला आणि दर पावलाला फटाफट टाळ्या वाजवू लागला. बाई घसरली, टपालाची पिशवी वाचवताना गुडघ्यावर पडली आणि टाकीच्या कट्ट्यावर कशीबशी येऊन बसली. निम्मे टपाल अजून वाटायचे होते. खाली कचेरीचे छप्पर दिसत होते आणि त्याच्या बाजूला, खेळण्यातल्यासारखी, टपालगाडी भरायला येऊन उभी राहिली होती.

तिथे, गुडघ्यातून रक्त येत असताना, बाईला स्वतःची अशी चीड आली की तिला हसू फुटले. कशासाठी राखतोय आपण हे? आज संध्याकाळी तळघरात बसायचे ठरले तर खुर्चीखाली दिसायला? बूट राहिले असते, नवे कोरे, आणि टेकडी गेली असती. टेकडीवर चालणारे तिचे पायही काही जन्मभर पुरणारे नव्हते, ते मात्र तिने कधी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवले नव्हते. त्यांना रोज दगडांवर घासले होते, फुकटचे असल्यासारखे.

तिने गुंडाळी फाडली. पाय कोरडे पुसले, बूट घातले, नाड्या आवळल्या, घोट्यापाशी पीळ दिला. फाटके बूट टाकीशेजारच्या कचऱ्याच्या पिंपात टाकले. मग ती उभी राहिली आणि सगळ्यांत खोल दिसला त्या चिखलात तिने उजवा पाय मुद्दाम दाबून ठेवला. रुतला. तिने तो उपसून काढला. बुटाला काही झाले नव्हते. तिलाही काही झाले नव्हते.

मग बाई चढली. नवा तळ दगडाला धरत होता, टाच जागची हलत नव्हती, पायाखाली काहीतरी आहे असे तिला कित्येक वर्षांनी वाटत होते. ती पायऱ्यांवर थांबली नाही, कठड्याला टेकली नाही. "आज काही नाही ना?" म्हणणाऱ्यांना तिने चालता चालता उत्तर दिले. एक कुत्रा रोज तिच्या फाटक्या बुटाला दात लावायला यायचा. त्याने नव्या चामड्याचा वास घेतला आणि आदराने बाजूला झाला.

अगदी वर घड्याळवाले आजोबा नेहमीप्रमाणे फाटकाशी उभे होते. त्यांनी तिला पाहिले आणि खिशातले घड्याळ काढून कानाला लावले.

"काय झालं आजोबा?"

"बंद पडलंय का बघतोय," ते म्हणाले. "तू इतक्यात येत नाहीस."

पेटीतली पत्रे पिशवीत भरून ती उतरायला लागली तेव्हा टाच दुखत होती, नाही असे नाही. इतक्या दिवसांचे दुखणे एका चढणीत कसे जाईल? पण ते तिला थांबवत नव्हते. तिने गल्ल्यांमागून गल्ल्या मागे टाकल्या आणि पायथ्याशी आली, तर तिथे माणसे जमलेली. रात्रीच्या पावसाचे वरून आलेले पाणी आता ओहोळासारखे रस्त्यावरून वाहत होते. फार नव्हते, घोट्याएवढे. पण प्रत्येकजण आपापल्या पायांतल्या वस्तूकडे बघत उभा होता. काही लोक पुलाकडून वळसा घ्यायला निघाले होते.

पुलाकडून गेले तर गाडी सुटणार. बाईने पलीकडे पाहिले. गाडीचे मागचे दार अजून उघडे होते. चालक आपल्या जागेवर चढत होता.

ती सरळ पाण्यात शिरली.

"अहो बाई, बूट!" कोणीतरी मागून म्हणाले.

"पायातच आहेत," बाई म्हणाली आणि चालत राहिली. पाणी घोट्याला आदळले, थोडे आत शिरले, मोजे भिजले. तळाने रस्ता सोडला नाही. पलीकडे निघाल्यावर ती धावली. साठीला टेकलेली, टपालाची पिशवी छातीशी धरलेली बाई भर रस्त्यात धावली, आणि धावताना ती मोठ्याने हसत होती. चालकाने इंजिन सुरू केले तेव्हा टेकडीची पत्रे गाडीत जाऊन पडली होती.

साहेब फाटकात उभा होता. त्याने गाडीकडे पाहिले, बाईकडे पाहिले, आणि बराच वेळ बुटांकडे पाहिले. त्यांचा रंग कोणता, हे सांगायची सोय राहिली नव्हती.

"टेकडी तुमची," तो म्हणाला. "बूट मात्र गेले बाई तुमचे."

"गेले कुठे, साहेब," बाई म्हणाली. "आत्ता कुठे चालायला लागलेत."

घरी नवरा दारातच होता. सकाळपासून तो खिडकी आणि दार यांच्यामध्ये येरझारा घालत असावा. त्याने आधी चेहरा पाहिला नाही, खाली पाहिले. चिखल, पाणी, चामड्यावर पायाच्या वळणाची पहिली खरी सुरकुती. बाईने त्याला सगळे सांगितले. गोदामाचा आडोसा, लपवलेले जुने बूट, काही लपवले नाही. तो रागवेल असे तिला वाटले होते. तो हसायला लागला, हसता हसता त्याच्या डोळ्यांना धार लागली आणि तो भिंतीला टेकून तसाच हसत राहिला.

मग त्याने खाली बसून तिच्या नाड्या सोडल्या, बूट काढले, ओल्या फडक्याने चिखल टिपला आणि आत वर्तमानपत्रे कोंबली.

"उद्यापर्यंत वाळतील ना?" बाईने विचारले.

"उद्या घालायचे नाहीत."

"म्हणजे?"

"ओलं चामडं लगेच घातलं की फाटतं. आणि कोरडं असलं तरी चांगल्या बुटाला एका दिवसाआड विश्रांती लागते. उद्या ठेवून दे."

"ठेवून दे?" बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आता तुम्ही मला सांगणार ठेवून दे म्हणून? आणि उद्या टेकडीवर काय घालू? ते गाडीवरचे पिंपात गेले."

नवरा फडके हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. त्याला उत्तर माहीत होते, सगळी नोकरी तो दुसऱ्यांना तेच उत्तर देत आला होता. पण या घरात ते आपण उच्चारावे असे त्याला वाटेना. ते तिच्या तोंडून येऊ द्यावे म्हणून तो थांबला.

"दोन जोड लागतात की काय?" बाई म्हणाली.

"लागतात."

बाईने क्षणभर विचार केला. मग कपाट उघडून पैशांचा डबा काढला आणि नवऱ्याच्या सैल सपातांत पाय घातले.

"चला मग. कुठल्या दुकानात ओरखड्यांचे जोड मागे काढून ठेवतात ते तुम्हालाच ठाऊक. आणि शिवलेला तळ बघून घ्यायचा, चिकटवलेला मला चालणार नाही."

ती जिना उतरायलाही लागली होती. नवरा शर्टाची बटणे लावत, अनवाणीच, तिच्या मागे निघाला.